हारेन : समुद्रापासून दूर असलेल्या एका जहाजी गावाचा इतिहास

१/
जर्मनीच्या वायव्य कोपऱ्यात, नेदरलँड्सच्या सीमेलगत, एम्स नदीकाठी हारेन नावाचे छोटे गाव आहे. आसपासची खेडी धरून वस्ती चोवीस-पंचवीस हजारांच्या घरात. समुद्र येथून दिसत नाही आणि भरती-ओहोटीही येथपर्यंत पोहोचत नाही. तरीही सागरी मालवाहू जहाजांच्या मालकीत हे गाव जर्मनीतील आघाडीच्या ठिकाणांत मोजले जाते. हे कसे घडले, याचे उत्तर नदी, कालवा, धक्का आणि एका विस्थापनाच्या इतिहासात सापडते. हा धागा त्याच इतिहासाचा.

२/
सुरुवात नदीपासून करावी लागेल. एम्स सुमारे ३७० किलोमीटर लांबीची, सपाट आणि वाळवट प्रदेशातून वाहणारी नदी. तिची वळणे अनेक आणि पात्र उथळ. उन्हाळ्यात पाणी इतके उतरे की भरलेली नाव वाळूत रुतून बसे, आणि हिवाळ्यात पूर काठावरच्या वाटा गिळून टाकी. पण रस्ते त्याहून वाईट होते. दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल पसरलेली दलदल असल्याने या प्रदेशात जड माल हलवण्याचा नदी हाच एक व्यवहार्य मार्ग होता.

३/
या नदीसाठी घडलेल्या नावेला स्थानिक बोलीत ‘प्युन्ट’ म्हणत. सपाट तळ, कमी खोली, शीड आणि बाजूंना लावलेल्या पाट्या. आपल्याकडच्या पडावाशी तिची जात जुळते. वारा अनुकूल असेल तर शीड उभारायचे. नसेल तर काठावरून दोर बांधून माणसांनी किंवा घोड्यांनी नाव प्रवाहाविरुद्ध ओढायची. या नावांच्या तांडेलांना ‘प्युन्टकर’ म्हणत, आणि हारेन हे प्युन्टकरांचे गाव म्हणून ओळखले जाई.

४/
व्यापाराची रचना सोपी होती. समुद्रातून आलेला माल खालच्या एम्सवर मोठ्या जहाजांतून उतरवून प्युन्टवर चढवला जाई. तेथून तो नदीने वर जाई आणि ग्रेवेन या गावी नौकानयनाची मर्यादा संपे. पुढे म्युन्स्टर शहरापर्यंत बैलगाड्या-घोडागाड्या. परतीच्या वाटेवर लाकूड, धान्य आणि शेतमाल. म्हणजे एकाच खेपेत माल दोनदा हाती घेतला जाई. प्रत्येक चढ-उतारीला हमाली, साठवण आणि वेळ लागे, आणि त्या प्रत्येक ठिकाणी कुणाची तरी चूल पेटे.

५/
येथे एक सूत्र लक्षात ठेवावे. जलमार्गावरचे गाव दोन प्रकारे जगू शकते. एक म्हणजे माल त्या गावात थांबतो, उतरतो, वाहन बदलतो. दुसरे म्हणजे माल कुठेही उतरो, त्याला वाहून नेणारी नाव त्या गावची असते. ग्रेवेनचे नौकावैभव पहिल्या प्रकारचे होते, हारेनचे प्रामुख्याने दुसऱ्या. एकोणिसाव्या शतकात मार्ग बदलू लागले तेव्हा या फरकाचे महत्त्व कळले.

६/
राजकीय नकाशाही सतत बदलत होता. १८०३ पर्यंत हा प्रदेश म्युन्स्टरच्या बिशपच्या सत्तेखाली होता. नेपोलियनच्या काळात तो काही वर्षे थेट फ्रान्सला जोडला गेला, १८१५ नंतर हानोव्हर राज्यात आला आणि १८६६ मध्ये प्रशियाने हानोव्हर गिळंकृत केल्यावर प्रशियाचा झाला. हानोव्हर सरकारने १८२० च्या दशकात लिंगेन आणि मेप्पेन यांदरम्यान सुमारे २६ किलोमीटरचा हानेकेन कालवा खोदून नदीची सर्वांत अवघड वळणे टाळली. प्युन्टकरांसाठी ते मोठे वरदान होते, पण ते फार काळ टिकले नाही.

७/
१८५६ मध्ये एम्डेन ते ऱ्हायने हा लोहमार्ग पूर्ण झाला, तोही नदीला जवळजवळ समांतर. आगगाडीला उन्हाळ्यातील उथळ पाण्याची चिंता नव्हती, वाऱ्याची वाट पाहायची नव्हती. व्यापाऱ्याला मालाच्या दराइतकीच तो केव्हा पोहोचेल याची खात्री महत्त्वाची असते, आणि ती खात्री नदी देऊ शकत नव्हती. त्याच लोहमार्गसाखळीने ग्रेवेनलाही गाठले आणि तेथील नदीबंदराचे महत्त्व ओसरले. गाव पुढे कापडगिरण्यांकडे वळले. हारेनच्या नावाही रिकाम्या राहू लागल्या. पण नाव ही हलवता येणारी मालमत्ता असते. धक्का मात्र जागचा हलत नाही.

८/
नवे काम दलदलीने दिले. सीमेपलीकडे डच लोकांनी शतकानुशतके कालवे खोदून दलदलीतील पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा जळणास योग्य थर, काढून विकला होता आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर वसाहती उभारल्या होत्या. जर्मन बाजूला त्याच जमिनीवर दारिद्र्य होते. म्हणून १८७० च्या दशकापासून प्रशियाने एम्सच्या पश्चिमेला कालव्यांचे जाळे विणले. त्यातील हारेन–ऱ्यूटेनब्रॉक कालवा साडेतेरा किलोमीटरचा. तो हारेनला थेट डच कालव्यांशी जोडतो. आता पीट बाहेर जाऊ लागला आणि खत, कोळसा, विटा आत येऊ लागल्या.

९/
याच काळात दक्षिणेला, रूर खोऱ्यात, जर्मनीचा पोलाद उद्योग उभा राहत होता. तेथील कोळसा आणि लोखंड यांना समुद्राचा सोयीचा मार्ग ऱ्हाइन नदीचा, पण ऱ्हाइनचे मुख नेदरलँड्सच्या हाती. जर्मन मालावर रॉटरडॅम श्रीमंत होत होते. म्हणून डॉर्टमुंडपासून एम्डेनपर्यंत पूर्णपणे जर्मन भूमीवरून जाणारा कालवा काढण्याची कल्पना पुढे आली. प्रशियाच्या वरिष्ठ सभागृहाने १८८३ मध्ये पहिला प्रस्ताव फेटाळला. १८८६ मध्ये सुधारित कायदा संमत झाला, १८९२ मध्ये खोदकाम सुरू झाले आणि ११ ऑगस्ट १८९९ रोजी सम्राट दुसरा विल्हेल्म याने डॉर्टमुंड–एम्स कालव्याचे उद्घाटन केले.

१०/
या मार्गाचा दक्षिणेकडील भाग नवा खोदलेला, तर मेप्पेनच्या उत्तरेला एम्स नदीच बांध-बंधारे घालून कालव्यासारखी शिस्तीत आणलेली. हारेन या दुसऱ्या भागावर येते. ह्युन्टेल आणि हिल्टर येथील जलपाश या परिसरातलेच. जलपाश, म्हणजे लॉक, हे दोन दरवाज्यांमधले मोठे हौद. नाव आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, हौदातले पाणी वाढवायचे किंवा उतरवायचे, मग पुढचा दरवाजा उघडायचा. इंजिनाची ताकद न लावता शेकडो टन वजन वर-खाली होते. काम सारे पाणीच करते.

११/
मार्गावरचे सर्वांत विलक्षण यंत्र होते दक्षिणेला हेन्रिखेनबुर्ग येथे. तेथे पाण्याच्या दोन पातळ्यांत सुमारे १४ मीटरचा फरक होता. अभियंत्यांनी पाण्याने भरलेली एक अजस्र लोखंडी पेटीच उभारली. नाव पेटीत तरंगत राही आणि पेटी नावेसह वर उचलली जाई. पेटीखालचे पाच पोकळ तरंगते नळकांडे तिचे वजन तोलून धरत, त्यामुळे हालचालीला लागणारी शक्ती अगदी थोडी. आर्किमिडीजच्या नियमामुळे पेटीत नाव असो वा नसो, एकूण वजन तेवढेच राही. हा जहाजपाळणा सत्तर वर्षे चालला. आता तेथे संग्रहालय आहे.

१२/
कालवा सर्वांनाच हवा होता असे नव्हे. उद्घाटनाच्याच महिन्यात, ऑगस्ट १८९९ मध्ये, कालव्याचे जाळे पूर्वेला एल्ब नदीपर्यंत नेण्याचा प्रस्ताव प्रशियाच्या विधिमंडळात पराभूत झाला. पूर्वेकडील मोठ्या जमीनदारांना भीती वाटत होती की स्वस्त जलमार्गाने परदेशी धान्य थेट देशाच्या मध्यापर्यंत येईल. विरोधात मत देणाऱ्या, सरकारी पदांवरील प्रतिनिधींना सम्राटाने पदावरून दूर केले आणि इतिहासात ते ‘कालवा-बंडखोर’ म्हणून नोंदले गेले. मालवाहतुकीचा दर हा किती स्फोटक राजकीय प्रश्न असू शकतो, याचे हे बोलके उदाहरण.

१३/
हारेनच्या प्युन्टकरांपुढे प्रश्न वेगळा होता. नव्या मार्गासाठी ठरलेली नाव सुमारे ६७ मीटर लांब, ८.२ मीटर रुंद, पोलादाची, आणि वाफेच्या टगने ओढली जाणारी. लाकडी प्युन्ट तिच्यापुढे खेळण्यासारखी. पोलादी नावेला भांडवल लागे आणि डॉर्टमुंडमध्ये १८९७ मध्येच एक बलाढ्य वाहतूक कंपनी स्थापन झाली होती. स्वतःची एकच नाव असलेल्या मालक-तांडेलाला जर्मनीत ‘पार्टिक्युलियर’ म्हणतात. अशा माणसाने कर्ज काढून पोलादी नाव घ्यावी, की कंपनीच्या नावेवर पगारी खलाशी व्हावे? हारेनमधील अनेक कुटुंबांनी पहिला मार्ग धरला. गावाचा पुढचा सगळा इतिहास या निवडीतून आला आहे.

१४/
आता प्रत्यक्ष मालाकडे पाहू. एम्डेनला समुद्रातून येणारा मुख्य माल म्हणजे स्वीडनचे लोहखनिज. तेथील धक्क्यावर यारीचा जबडा खनिज उचलून नावेच्या पोटात टाकी. ते कुठे पडते याला फार महत्त्व होते. एका टोकाला ओझे जास्त झाले तर नाव वाकते, तळ घासतो, प्रसंगी कणा मोडतो. म्हणून थोडा माल पुढे, थोडा मागे, मग मध्ये, असे थर देत भरावे लागे. खनिज दक्षिणेला जाई आणि परतीला कोळसा येई. दोन्ही दिशांना भाडे मिळणे हेच या कालव्याचे आर्थिक गमक होते.

१५/
शेकडो टन खनिज तोलायचे कसे? तराजू नावच होती. प्रत्येक नावेची अधिकृत मोजणी होऊन ती किती बुडाली म्हणजे पोटात किती टन माल आहे, याचा तक्ता तयार केला जाई. नावेच्या बाजूंवर मापाच्या खुणा रोवलेल्या असत. भरण्यापूर्वी आणि भरल्यानंतर त्या वाचल्या की मालाचे वजन निघे. त्यावरच भाडे ठरे, त्यावरच भांडणे होत. पाणी संथ आहे ना, हे पाहण्याची घाई खरेदीदारापेक्षा तांडेलालाच अधिक असे.

१६/
एम्सकाठच्या छोट्या धक्क्यांवर मात्र चित्र निराळे होते. तेथे अजस्र यंत्रे नव्हती. खत, कोळसा, विटा आणि धान्य यांची चढ-उतार दीर्घकाळ फावडे, टोपली, हातगाडी आणि पाठ यांवरच चालली. उतरवणीला ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त दिवस लागले तर नाव अडकून राही आणि तिच्या मालकाची पुढची खेप बुडे. म्हणून धक्क्यावरील हमालांचा वेग आणि तांडेलाची मिळकत एकमेकांत गुंतलेली असे. मोठ्या बंदरात यारीने एका पाळीत होणारे काम येथे कित्येक दिवस चाले.

१७/
नाव हे घरही होते. मागच्या केबिनमध्ये तांडेलाचे कुटुंब राही. पत्नी सुकाणू धरी, दोर फेके, स्वयंपाक करी आणि हिशेबही ठेवी. तिचे नाव पगारपत्रकावर क्वचितच असे. मुलांचे शालेय वय आले की ताटातूट ठरलेली. नाव एका धक्क्यावर थांबत नाही, शाळा मात्र एका जागी असते. त्यामुळे मुले नातेवाइकांकडे किंवा नाविकांच्या मुलांसाठी काढलेल्या वसतिगृहांत राहत आणि आईवडिलांना सुटीत भेटत. स्वस्त जलवाहतुकीची ही किंमत कोणत्याही दरपत्रकात लिहिलेली नव्हती.

१८/
दुसऱ्या महायुद्धात हा कालवा शत्रूच्या नकाशावर ठळक झाला. कोळसा, खनिज, पोलाद आणि पुढे पाणबुड्यांचे तयार भागही जलमार्गाने हलवले जात. त्यांच्या आकारामुळे ते रस्त्याने नेणे अवघड होते. लाडबेर्गेन येथे कालवा आसपासच्या जमिनीहून उंच बांधांवरून जातो. बांध फुटला की पाणी वाहून जाणार, हे ब्रिटिश हवाई दलाला ठाऊक होते. सप्टेंबर १९४३ मधील हल्ल्यात आठपैकी पाच लँकेस्टर विमाने गमावूनही बांध शाबूत राहिला. वर्षभराने, २३ सप्टेंबर १९४४ च्या रात्री, टॉलबॉय या प्रचंड बॉम्बने तो फोडला आणि कित्येक किलोमीटरचा कालवा कोरडा पडला. दुरुस्ती होताच पुन्हा बॉम्ब, असे चक्र युद्ध संपेपर्यंत चालले.

१९/
हारेनच्या परिसराची युद्धकाळातील आणखी एक, अधिक काळी ओळख आहे. १९३३ पासून एम्सलँडच्या दलदलीत नाझी राजवटीने पंधरा छावण्या उभारल्या. राजकीय कैद्यांकडून दलदल खोदून घेतली गेली. युद्धकाळात तेथे युद्धकैदी आले आणि हजारो सोव्हिएत कैदी उपासमारीने व रोगाने मेले. हारेनजवळच्या ओबरलांगेन छावणीत वॉर्सा उठावात लढलेल्या सुमारे १,७०० पोलिश स्त्री-सैनिक होत्या. १२ एप्रिल १९४५ रोजी त्यांची सुटका झाली, आणि सुटका करणारे सैनिकही पोलिशच होते. ते जनरल स्तानिस्वाव माचेक यांच्या पहिल्या पोलिश चिलखती दलाचे होते.

२०/
युद्ध संपले तेव्हा या भागात पोलिश युद्धकैदी, वेठबिगार आणि छावण्यांतून सुटलेले लोक मोठ्या संख्येने होते. त्यांना राहायला जागा हवी होती. मे १९४५ मध्ये ब्रिटिश लष्करी प्रशासनाने हारेनच्या रहिवाशांना घरे रिकामी करण्याचा हुकूम दिला. गावकरी जवळपासच्या खेड्यांत विखुरले आणि त्यांच्या घरांत पोलिश लोक आले. वस्ती चार-पाच हजारांवर गेली. गावाचे नाव आधी ‘ल्वूव्ह’ ठेवले गेले. ते शहर तेव्हा पोलंडकडून सोव्हिएत संघाकडे जात असल्याने ते नाव अडचणीचे ठरले आणि लवकरच नवे नाव आले : ‘माचकूव्ह’, जनरल माचेक यांच्यावरून.

२१/
तीन वर्षे हे जर्मन गाव पोलिश होते. पोलिश महापौर, शाळा, वृत्तपत्र, नाट्यगृह आणि रस्त्यांना पोलिश नावे. शेकडो मुलांच्या जन्मदाखल्यांवर जन्मस्थान ‘माचकूव्ह’ असे नोंदले गेले. आज नकाशावर असे गाव सापडत नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, हे मराठी वाचकांना ठाऊक असेल. दोन्ही वस्त्यांना एकाच युद्धाने जन्म दिला, आणि सोव्हिएत प्रभावाखालच्या पोलंडमध्ये परतायचे की नाही, हा एकच प्रश्न दोन्हींकडच्या रहिवाशांपुढे उभा होता. १९४८ मध्ये दोन्ही वस्त्या संपल्या. लोक पोलंड, ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया असे पांगले.

२२/
या प्रसंगाकडे एकाच बाजूने पाहणे चुकीचे ठरेल. हारेनच्या कुटुंबांना तीन वर्षे परक्या छपराखाली काढावी लागली आणि त्यातील बऱ्याच जणांना परतल्यावर रिकामी घरे मिळाली. पण त्या घरांत राहिलेले लोक स्वतःच्या घरातून बळजबरीने आणले गेले होते आणि त्यांतील अनेकांना परतायला घरच उरले नव्हते. खुद्द माचेक यांचे नागरिकत्व पोलंडच्या नव्या राजवटीने काढून घेतले. पुढे एडिनबरामध्ये त्यांनी मद्यगृहात काम करून उदरनिर्वाह केला. १९९४ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. हारेनमध्ये हा काळ बराच काळ कुजबुजीत सांगितला जाई. नंतरच्या पिढीत माचकूव्हमध्ये जन्मलेली माणसे गाव पाहायला येऊ लागली आणि बोलणे सुरू झाले.

२३/
१९४८ मध्ये गाव परत मिळाले. घर गेले, तरी नाव चालवण्याचे ज्ञान कुणी काढून घेऊ शकले नव्हते. १९५० मध्ये पश्चिम जर्मनीच्या संसदेने या मागास प्रदेशासाठी ‘एम्सलँड योजना’ मंजूर केली. दलदलीवर शेती, रस्ते आणि उद्योग उभे राहिले. त्याच दशकात ओढल्या जाणाऱ्या नावांना इंजिने बसू लागली. टगला दिले जाणारे भाडे वाचले. रूर भागातील कालव्यांवर १९१४ पासून चालत आलेली सरकारी टगची मक्तेदारी १९६० च्या दशकात निरर्थक ठरून रद्द झाली. नवे प्रमाणमाप ठरले : ८० ते ८५ मीटर लांब, साडेनऊ मीटर रुंद, १,३५० टन. पंचवीस टनांचे चोपन्न ट्रक एका नावेत मावतील, एवढे हे वजन.

२४/
हारेनच्या मालकांनी आणखी एक पाऊल टाकले. नदीतून कालव्यात आलेली ही कुटुंबे किनारी मालवाहू जहाजांकडे आणि तेथून खुल्या समुद्राकडे वळली. हिशेब जुनाच होता. गावाचा धक्का छोटा, त्यातून मिळकत मर्यादित. पण जहाज बाल्टिक समुद्रात असो वा भूमध्य समुद्रात, नफा-तोटा हारेनमध्येच लिहिला जाणार. हारेनच्या एका कंपनीच्या ‘वेस आमेली’ या कंटेनर-जहाजाचे इंजिन २०१७ मध्ये द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालेल असे बदलण्यात आले. आधीच बांधून चालवलेल्या कंटेनर-जहाजावर असा बदल होण्याची ती जगातील पहिलीच वेळ होती.

२५/
धक्काही मागे राहिला नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हारेन आणि मेप्पेन यांच्या सीमेवर, कालव्यालगत, ‘युरोहाफेन’ हे नवे बंदर उभारण्यात आले. तेथे जलमार्ग, रस्ता आणि लोहमार्ग एकत्र येतात. सुट्या मालासाठी जबडायारी, अवजड यंत्रांसाठी मोठी क्रेन आणि कंटेनरसाठी मोकळी फरसबंद जागा, अशी छोट्या बंदराची आजची गरज आहे. पवनचक्कीचे अजस्र भाग किंवा कारखान्याचे बॉयलर रस्त्याने न्यायचे तर पूल आणि वळणे अडवतात, पाणी अडवत नाही. युद्धकाळात पाणबुडीच्या भागांसाठी लागू पडलेला नियम आज शांततेच्या मालाला लागू पडतो.

२६/
अडचण मात्र जुनीच आहे : मार्गातला सर्वांत अरुंद दरवाजा नावेचे माप ठरवतो. युरोपातील आधुनिक मोठ्या नावा ११० मीटर लांब आणि ११ मीटरहून अधिक रुंद असतात, तर या मार्गाच्या उत्तर भागातील जलपाश शंभर वर्षांपूर्वीच्या मापाचे. म्हणून हारेनच्या दक्षिणेला, बेव्हेरगेर्न ते ग्लेसेन या पट्ट्यातील पाच जलपाश नव्याने बांधण्याचे काम हाती घेतले गेले. यारी कितीही मोठी आणली, तरी दोन जलपाशांमधून जेवढी नाव मावते तेवढाच माल धक्क्याला लागतो.

२७/
हारेन–ऱ्यूटेनब्रॉक कालव्यातून आता पीट जात नाही. उन्हाळ्यात त्यातून सहलीच्या बोटी नेदरलँड्सकडे जातात आणि काठावरच्या नौका-संग्रहालयात जुन्या प्रकारच्या नावा पाहायला मिळतात. आगगाडी, पोलादी नाव, युद्ध, विस्थापन आणि ट्रक या प्रत्येक टप्प्यावर मालाने गावाला वळसा घातला असता. ग्रेवेनसारखी नदीबंदरे तशीच विरली. हारेन टिकले, कारण तेथील लोकांनी दर वेळी जुनी नाव विकून नव्या मापाची नाव घेतली. बंदरांचा इतिहास बहुधा धक्क्यांवरून लिहिला जातो. हारेनचा मात्र नावेच्या मालकी-दाखल्यांवरून लिहावा लागतो.

(धागा समाप्त)